अर्धकपी गृहस्थ

अर्धकपी गृहस्थ ही महाराष्ट्राच्या शहरी वस्तीत, विशेषतः लिफ्ट नसलेल्या चार मजली सोसायट्यांत आढळणारी जात आहे. वय साठीच्या पुढे, हातात कापडी पिशवी, आणि येण्याचे कारण नेहमी दुसरेच: वाचून झालेला दिवाळी अंक परत करायचा असतो, नाहीतर गच्चीवरची टाकी भरली का ते विचारायचे असते. कारण अर्ध्या मिनिटात संपते. मग घरची बाई चहाचे विचारते आणि गृहस्थ हात आडवा करतात. "चहा सोडला. ॲसिडिटी." थोडा वेळ पंख्याकडे बघण्यात जातो. "कॉफी टाकणार असशील तर अर्धा कप. अर्धाच हं. रोजची कॉफी काही प्रकृतीला चांगली नाही."

चहाच्या मुलखात कॉफी पिणाऱ्याला आपोआप थोडी प्रतिष्ठा मिळते. दहाजणांच्या बैठकीत नऊ चहा आणि एक कॉफी असली की त्या एकीसाठी वेगळे पातेले चढते, वेगळे दूध निघते आणि दमट हवेने बरणीत दगड झालेली पावडर सुरीच्या टोकाने खरवडावी लागते. एवढी यातायात आपल्यामुळे झाली याचे गृहस्थांना मनापासून वाईट वाटते. म्हणूनच ते अर्धा कप घेतात.

या अर्ध्या कपाची घटना नीट समजून घेतली पाहिजे. त्यात अर्धे असते ते फक्त दूध आणि पाणी. पावडर पूर्ण चमचा, कारण पाणचट कॉफीपेक्षा न प्यालेली बरी. साखर दोन चमचे, कारण "नेहमीसारखी". कर्नाटकातल्या हॉटेलांत 'बाय टू' सांगितले की एका कॉफीचे दोन पेले होतात; मुंबईच्या टपरीवर चहाचे कटिंग मिळते. दोन्ही ठिकाणी अर्धे म्हणजे खरोखर अर्धे. त्यामुळे अर्धकपी गृहस्थ दोन्हींच्या वाटेला जात नाहीत.

दिवसाचा पहिला अर्धा कप स्वतःच्या घरी होतो. दुसरा पासबुक भरून परतताना, तिसरा तळमजल्यावर, कारण जिना चढण्यापूर्वी दम घ्यायचा असतो. असे करत संध्याकाळी सातव्या अर्ध्या कपापाशी पोचल्यावर ते म्हणतात, "आज तशी कॉफी झालीच नाही." इन्स्टंट कॉफीच्या साधारण एक चमच्यात ६० मिलिग्रॅमच्या आसपास कॅफीन असते. सात चमच्यांचे ४२० झाले. निरोगी प्रौढाने दिवसाला ४०० मिलिग्रॅमपर्यंत कॅफीन घ्यायला हरकत नाही, असे युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१५ साली सांगितले आहे. गरोदरपणी ही मर्यादा २०० वर येते. म्हणजे एकही पूर्ण कप न पिता गृहस्थ हद्द ओलांडतात. प्रत्यक्षात ओलांडत नाहीत, कारण ते जातात त्या बहुतेक घरांतल्या बरणीत सत्तर टक्के कॉफी आणि तीस टक्के चिकोरी असते, आणि चिकोरीच्या मुळात कॅफीन अजिबात नसते. हिशेब तीनशेच्या आत येतो. चिकोरीला ते भेसळ म्हणतात आणि "शुद्ध का नाही आणत?" असे प्रत्येक घरी सुचवून येतात. त्यांचे कोणी ऐकत नाही, हे त्यांच्या रक्तदाबाचे नशीब.

कॅफीनचे काम थोडक्यात असे. माणूस जागा असेपर्यंत मेंदूत ॲडेनोसिन साचत जाते आणि ठरावीक जागी जाऊन बसले की झोप आल्याची वर्दी देते. कॅफीन त्या जागा आधीच अडवते. गृहस्थ खिडकीजवळची खुर्ची अडवतात, तसेच. ॲडेनोसिन दारात ताटकळते, हटत नाही. कॅफीन उठले की एकदम आत शिरते, आणि त्यालाच लोक "कॉफी उतरली" म्हणतात.

ते उठायला मात्र वेळ लागतो. रक्तातले कॅफीन निम्म्यावर यायला सरासरी ५ तास जातात; धूम्रपान करणाऱ्यांत कमी, गरोदर स्त्रियांत बरेच जास्त. संध्याकाळी ६ च्या अर्ध्या कपातला अर्धा ऐवज रात्री ११ वाजता शिल्लक असतो आणि त्याचा अर्धा पहाटे ४ ला. अर्ध्याचा इतका चोख हिशेब ठेवणारी दुसरी व्यवस्था गृहस्थांच्या आयुष्यात नाही. २०१३ च्या एका प्रयोगात झोपण्यापूर्वी तब्बल ६ तास आधी ४०० मिलिग्रॅम कॅफीन दिले, तरी झोप तासाहून अधिक घटली. गृहस्थांना पहाटे ४ ला जाग येते तेव्हा ते वयाला दोष देतात, वरच्या मजल्यावरच्या पाळण्याच्या कड्यांना देतात, आणि उपाय म्हणून रात्रीच्या कॉफीत जायफळ उगाळायला सांगतात. जायफळ-वेलदोड्याची कॉफी हा मराठी घराचा उत्तम शोध आहे आणि तिच्या वासाने निम्मी सोसायटी खूश होते. पण चिमूटभर जायफळ कॅफीनला थोपवते, असे मानण्यास आधार नाही.

"मला सवय नाही हो, नाही मिळाली तरी चालते" हे त्यांचे आवडते विधान. ते तपासण्याची संधी लग्नाच्या प्रवासात येते, जिथे व्याह्यांनी फक्त चहाची सोय केलेली असते. रोजची कॉफी बंद पडल्यावर १२ ते २४ तासांत डोके धरू लागते आणि दुसऱ्या दिवशी चांगलेच चढते. सीमांतपूजनाला गृहस्थ ठणठणीत असतात. दुसऱ्या दिवशी मंगलाष्टकांना कपाळाला बाम लावून बसतात. दोष एसीचा निघतो. पंगत उठल्यावर कुणीतरी कुठून तरी अर्धा कप पैदा करते आणि एसी अर्ध्या तासात सुधारतो.

कॉफी चांगली की वाईट, हा गृहस्थांचा अभ्यासाचा विषय आहे. त्यांच्याकडे कात्रणांची फाइल असते आणि तीत दोन्ही बाजू आहेत, कारण वैद्यकानेच दोन्ही बाजू घेतल्या. १९८१ साली हार्वर्डच्या संशोधकांनी कॉफीचा संबंध स्वादुपिंडाच्या कर्करोगाशी जोडला. मोठी खळबळ उडाली. नंतर लक्षात आले की तुलनेसाठी निवडलेले रुग्ण बरेचसे पोटाच्या विकारांचे होते आणि त्यांनी आजारामुळे कॉफी आधीच कमी केली होती. त्यांच्या शेजारी कर्करोगाचे रुग्ण उगाचच जास्त कॉफी पिणारे दिसले, अशी ती तुलना. पुढच्या अभ्यासांत तो संबंध टिकला नाही. १९९१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने मूत्राशयाच्या कर्करोगावरून कॉफीला 'संशयित' यादीत टाकले आणि २०१६ मध्ये यादीतून काढले. जुन्या पाहण्यांमध्ये कॉफी आणि सिगारेट इतक्या जोडीने वावरत असत की एकीचे पाप दुसरीच्या नावावर जाण्याचा धोका कायम होता. २०१७ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये दोनशेहून अधिक विश्लेषणांचा एकत्र आढावा आला: दिवसाला ३ ते ४ कप पिणाऱ्यांत न पिणाऱ्यांपेक्षा यकृताचे विकार, दुसऱ्या प्रकारचा मधुमेह आणि एकूण मृत्यूही कमी दिसतात, गरोदरपण आणि स्त्रियांतला अस्थिभंगाचा धोका हे अपवाद. मात्र ही बहुतेक निरीक्षणे आहेत. कॉफीमुळे माणसे निरोगी राहिली की निरोगी माणसेच कॉफी पीत राहिली, हे त्यांतून पक्के ठरत नाही.

गृहस्थ या इतिहासातले प्रत्येक कात्रण निम्मे वाचतात. कॉफी येईपर्यंत १९८१ आणि १९९१, कॉफी आल्यावर २०१७. यजमानांचा मुलगा एकटाच हिशेब लावतो की ३ ते ४ कप म्हणजे ६ ते ८ अर्धे कप, आणि काका बरोबर मध्ये बसतात. हे त्यांना सांगितल्यावर ते फार आनंदित होऊन आणखी अर्धा घेतात.

कर्करोग संस्थेच्या त्याच २०१६ च्या निर्णयात एक वाक्य होते, ते फाइलमध्ये नाही. ६५ अंश सेल्सियसच्या वरचे कोणतेही पेय, मग ती कॉफी असो, चहा असो की नुसते पाणी, अन्ननलिकेच्या कर्करोगाला बहुधा कारण ठरते. गृहस्थ कपाला बोट लावतात आणि चटका बसला नाही तर कप परत जातो. "जरा गरम करून आण गं." कॉफीतल्या एवढ्या घटकांवर त्यांनी संशय घेतला, पण उष्णतेवर कधी नाही.

साखरेवरही नाही. सात अर्ध्या कपांत दोन-दोन चमचे, चमचा साधारण ४ ग्रॅमचा, म्हणजे ५६ ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्याप्रमाणे प्रौढाची वरून घातलेल्या साखरेची दिवसाची कमाल मर्यादा ५० ग्रॅमच्या आसपास येते आणि २५ च्या आत राहिल्यास अधिक बरे. पन्नाशी कॉफीतच उलटली. लग्नातली जिलबी अजून यायची आहे. कॉफीवर आजवर झालेले बहुतेक आरोप साखरेवर केले असते तर खटला केव्हाच निकालात निघाला असता.

एका घरच्या सुनेने अमेरिकेहून आलेली डिकॅफ त्यांना महिनाभर न सांगता पाजली. डिकॅफच्या कपात कॅफीन असते ते जेमतेम काही मिलिग्रॅम. महिनाभर गृहस्थांनी "डोकं कसं मोकळं झालं! तुझ्या हातात काहीतरी आहे" असे सांगितले. बरणीवरचे लेबल वाचल्या दिवसापासून त्यांना तिथली कॉफी लागेनाशी झाली.

येथपर्यंतच्या वर्णनावरून ही जात निरुपयोगी वाटण्याचा संभव आहे. नाइलाजाने एक नोंद करावी लागते, आणि तिची सुरुवात लोहापासून होते. कॉफी जेवणासोबत किंवा जेवणानंतर तासाभरात घेतली तर तिच्यातले पॉलिफेनॉल अन्नातल्या लोहाला धरून ठेवतात आणि ते अंगी कमी लागते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. याला कॉफी कारण नाही; गरिबी आणि आहार ही मोठी कारणे आहेत. पण ज्या शरीरात लोह मुळात कमी, तिथे कपाची वेळ महत्त्वाची ठरते. आणि कॉफी पिणाऱ्या घरांतल्या बाईची कॉफीची वेळ कोणती? सगळ्यांची जेवणे उरकल्यावर, झाकपाक करताना, पातेल्यात उरलेली ओट्याशी उभ्याने. अर्ध्या कपाचा उरलेला अर्धा जातो कुठे, याचे उत्तर हेच आहे. गृहस्थांच्या प्रकृतीवर दिवाणखान्यात तासभर चर्चा होते आणि जिच्या हिमोग्लोबिनचा आकडा घरात कुणाला माहीत नसतो, ती ती कॉफी करत असते.

गृहस्थ चौथ्या मजल्यावर बरोबर चारला येतात. कप हातात घेतात, चटका तपासतात, पण पीत नाहीत. "तू घेतलीस का गं?" घरची बाई "घेते मागाहून" म्हणते. ते कप खाली ठेवतात. "मग थांबतो." ती स्वतःचा कप घेऊन समोर बसेपर्यंत ते खरोखर थांबतात, कॉफी निवली तरी. त्यामुळे हळूहळू तिची दुपारची कॉफी चारवर सरकली आहे: जेवणापासून तीन तास दूर, गरम, बसून आणि पूर्ण कप. लोहाच्या दृष्टीने वेळ अचूक आहे. गृहस्थांना लोहाचे काही ठाऊक नाही. त्यांना एकट्याने पिणे जमत नाही इतकेच. सात अर्ध्या कपांपैकी घरचा पहिला कपही, बायको गेल्यापासून, ते बाल्कनीत शेजाऱ्यांचे दार उघडण्याच्या वेळेला घेतात. चार जिने दिवसातून अनेकदा चढणे आणि प्रत्येक मजल्यावर कुणाशी तरी बोलणे याचा आरोग्यावरचा परिणाम कॉफीपासून वेगळा काढणे या नमुन्यात शक्य नाही.

डॉक्टर अधूनमधून त्यांची कॉफी बंद करतात. तेव्हा फेऱ्याही बंद होतात, कारण नुसते टाकीचे विचारायला वर जाणे त्यांना प्रशस्त वाटत नाही. हा काळ साधारण आठवडाभर टिकतो. त्या आठवड्यात रक्तदाब थोडा उतरतो, गुडघे थोडे धरतात, आणि चौथ्या मजल्यावरची कॉफी परत जेवणाला जाऊन चिकटते.