हुडकू द्या!

भाची नववीत आहे. दिवाळीच्या सुट्टीत कोल्हापूरला, मंगळवार पेठेत आमच्याकडं राहायला आली आणि पहिल्याच संध्याकाळी म्हणाली, "मामा, एखादा भारी ॲडव्हेंचर गेम सांग की. नुसती ढिशुम ढिशुम नको. हुडकाय लागलं पाहिजे."

मागणी साधी होती. ती पुरी करायला चार रात्री लागल्या.

पहिल्या रात्री एक बडा गेम डाउनलोडला लावला, तो सकाळी उतरला. उघडला तर डोंगर, घोडा, गवतावरून सरकणारं ऊन. बघत राहावं असं. आणि वर कोपऱ्यात एक पिवळा बाण. बाण म्हणतो, इकडं जा. गेलो. तिथला म्हातारा म्हणतो, पाच लांडगे मारून ये. मारले. बाण वळला. पुढची बाई म्हणते, तीन मुळ्या आण. आणल्या. बाण पुन्हा वळला. तासाभरानं भाचीनं लॅपटॉप माझ्याकडं सरकवला.

"मामा, हे आईसारखंच झालं की. दूध आण, कोथिंबीर आण. ह्यात मी हुडकलं काय?"

तिचं म्हणणं मला शंभर टक्के पटलं. ज्या वाटेवर बाण आहे, ती वाट दुसऱ्या कुणीतरी आधीच शोधलेली असते. आपण फक्त पाय उचलायचे. साहस तिथंच संपतं.

* * *

गेमची टंचाई आहे म्हणावं, तर तसंही नाही. स्टीम हे कॉम्प्युटर गेमचं जगातलं सगळ्यात मोठं दुकान. एकट्या २०२४ सालात तिथं अठरा हजारांहून जास्त नवे गेम आले. दिवसाला पन्नासच्या घरात पडले. एवढ्या ढिगातून एका मुलीला चार दिवस गुंतवेल असा एक गेम चटकन हाती लागू नये, ह्याचं कारण पैशात आहे. मोठ्या गेमवर शेकडो कोटी खर्च होतात, शेकडो माणसं वर्षानुवर्षं राबतात. एवढा पैसा अडकला की गिऱ्हाईक वाटेत हरवलेलं कंपनीला परवडत नाही. हरवलेला माणूस कंटाळून उठेल, ही भीती. म्हणून बाण. आणि नवी गोष्ट चालेल की नाही, ही दुसरी भीती. म्हणून जुन्याच नावाला नवा रंग.

पुण्या-मुंबईनं हे जवळून पाहिलं आहे. 'प्रिन्स ऑफ पर्शिया' हा मूळ १९८९ चा गेम. त्याच मालिकेतला २००३ चा 'सँड्स ऑफ टाइम' नव्यानं घडवायचं काम युबिसॉफ्ट कंपनीनं आपल्या पुणे आणि मुंबईच्या स्टुडिओंकडं दिलं. २०२० मध्ये ते जाहीर केलं आणि २०२२ मध्ये काढून घेऊन माँट्रियलला नेलं. हात आपल्या पोरांचे, गोष्ट इराणच्या राजपुत्राची, तीही जुनी, आणि शेवटचा शब्द कॅनडाचा. अशा कामातून कौशल्य येतं, पगार येतो. आपला गेम येत नाही.

* * *

ह्या खेळांना ॲडव्हेंचर हे नाव पडलं कसं, ते पाहिलं की दुखणं नेमकं कळतं.

विल क्राउदर हा अमेरिकेतला प्रोग्रामर, आणि गुहांत उतरणारा गडी. केंटकी राज्यातल्या मॅमथ केव्हच्या भुयारांत तो फिरला होता, त्यांच्या नकाशांवर त्यानं काम केलं होतं. पुढं त्याचा घटस्फोट झाला. दुरावलेल्या मुलींना खेळता यावं म्हणून १९७५-७६ च्या सुमारास त्यानं त्या भुयारांवर एक गेम लिहिला. चित्र एकही नाही, नुसते शब्द. दिवा उचल, खाली उतर, पश्चिमेला जा. १९७७ मध्ये डॉन वूड्सनं त्यात भर घातली आणि तो गेम कॉम्प्युटरांवरून सगळीकडं पसरला. पुढचं सगळं गणगोत त्या एका गुहेतून बाहेर आलं.

त्यात बाण नव्हता. क्राउदरला जागा पायाखालची होती. म्हणून खेळणारा चुकला तरी चुकलेल्या वाटेवरही त्याच्यासाठी काहीतरी ठेवलेलं असायचं. हरवण्यात मजा यायला जागा कुणाच्या तरी पक्क्या ओळखीची असावी लागते. साहसी खेळाचं सगळं मर्म मला ह्यात दिसतं.

चांगले गेम आजही असेच होतात. लुकास पोप ह्या एका माणसानं २०१८ मध्ये 'रिटर्न ऑफ द ओब्रा डिन' काढला. एकच जहाज, त्यावर साठ जण, आणि प्रत्येकाचं काय झालं ते आपण चेहऱ्यावरून, बोलण्याच्या ढबीवरून, कपड्यांवरून ओळखायचं. २०२५ च्या 'ब्लू प्रिन्स'मध्ये एकच वाडा. पंचेचाळीस खोल्यांचा, आणि शोधायची असते सेहेचाळिसावी.

आम्हाला चौथ्या रात्री सापडला तो 'चँट्स ऑफ सेनार'. २०२३ चा, फ्रान्समधल्या दोघांच्या स्टुडिओचा. एक उंच मनोरा, थराथरावर वेगळे लोक, प्रत्येकाची लिपी वेगळी. समोरचा काय म्हणतोय ते कळत नाही. पाटी बघ, हातवारे बघ, अंदाज बांध. भाचीनं गणिताची वही उलटी करून मागच्या पानावर चिन्हं उतरवायला घेतली. एका चिन्हापुढं 'दार?' लिहिलं. खोडलं. 'उघड?' लिहिलं. पुन्हा खोडलं. पेन्सिलीचं टोक चावत बसली. रात्री साडेअकराला चिन्हं जुळली आणि ती एवढ्यानं ओरडली की आमची आई उठून बाहेर आली.

अख्ख्या गेमभर कुणी तिला मूळ आण म्हणून सांगितलं नाही.

* * *

आता आपल्याकडं वळतो. माझी खरी तळमळ इथली आहे.

२०१७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या नॉटी डॉग कंपनीनं 'अनचार्टेड: द लॉस्ट लेगसी' काढला. तो घडतो पश्चिम घाटात. जीप घेऊन चिखलातून फिरायचं, होयसळांच्या पडक्या देवळांत शिरायचं, गणपतीचा सुळा शोधायचा. चीननं २०२४ मध्ये 'ब्लॅक मिथ: वुकाँग' आणला. त्यात देशातल्या छत्तीस खऱ्या ठिकाणांचं मोजमाप घेऊन उतरवलेलं रूप आहे, पैकी सत्तावीस एकट्या शांशी प्रांतातली. तीन दिवसांत एक कोटी प्रती खपल्या आणि गेममधली देवळं बघायला लोक खरोखर शांशीला जायला लागले.

पुण्याच्या नॉडिंग हेड्स स्टुडिओनं 'राजी' केला, त्याला मी मनापासून मुजरा करतो. २०१७ मध्ये त्यांनी लोकवर्गणी मागितली, ती जमली नाही. तरी मागं न हटता २०२० मध्ये त्यांनी गेम बाजारात आणलाच. सर्कशीतली मुलगी हरवलेल्या भावाला शोधत निघते, आणि चित्रं पहाडी शैलीची. प्रत्येक मराठी घरानं तो खेळावा. पण त्यातले महाल आणि तटबंदी राजस्थानी वळणाची आहे. पुण्यात घडलेल्या गेममध्येही सह्याद्री यायचा राहिलाच.

इथून पन्हाळा वीसेक किलोमीटर. तिथली अंधारबाव बघा. बाहेरून साधी दगडी इमारत. आत तीन मजले. तळाला विहीर, वर पहाऱ्याची जागा, आणि मधल्या मजल्यातून तटाबाहेर पडायची चोरवाट. वेढा पडला तर पाणी सुरक्षित, पहारा सुरक्षित, आणि जीव वाचवायला वाट. गेम करणारी माणसं ज्याला लेव्हल म्हणतात, ती इथं कुणीतरी काही शतकांपूर्वी काळ्या दगडात बांधून ठेवली आहे. २०२५ च्या जुलैत पन्हाळा जागतिक वारसा यादीत गेला, गुलाल उधळला. आता अंधारबावीच्या जिन्यांवरून आपल्या पोरांनी पडद्यावर उतरावं, असं कुणाला वाटणार?

दुसरं उदाहरण. कोल्हापूरच्या पुरालेखागारात मोडीतली दफ्तरं आहेत. मोडीत आधी आडवी रेघ ओढून घेतात आणि मग तिच्याखाली हात न उचलता अक्षरं लिहीत जातात. शब्द कुठं तुटला हे डोळ्याला लगेच दिसत नाही. फ्रान्समधल्या दोघांनी मनानं लिप्या रचून गेम केला. आपल्याकडं खरी लिपी आहे, खरे कागद आहेत. जुन्या वाड्यातलं एक पत्र सापडलं, ते अक्षर अक्षर लावत गेलो आणि शेवटी एक कोनाडा उघडला. सांगा, ह्यापेक्षा भारी गेम कुठला?

आणि भाषा. कोल्हापूरची पोरगी "मी येतो", "मी जातो" म्हणते. गेममधली नायिका दारातून बाहेर पडताना "आई, मी जातो गं" म्हणाली, तर ती कुठल्या गावची हे एका वाक्यात कळेल. हे परक्या कंपनीला सुचणार नाही, भाषांतर करणाऱ्यालाही सुचणार नाही. ज्याच्या घरात रोज कानावर पडतं, त्यालाच सुचणार.

* * *

कुणी म्हणेल, हे आपलं काम नाही, त्याला मोठ्या शहरात राहावं लागतं. त्यांनी खरी कॉर्नरच्या कॅमेरा स्तंभापाशी दोन मिनिटं थांबावं. सिनेमा ही त्या काळची परदेशी, महागडी, अवघड कला. बाबूराव पेंटरांनी ह्याच गावात स्वतःचा कॅमेरा घडवला आणि १९२० मध्ये 'सैरंध्री' पडद्यावर आणला. प्रभात १९२९ मध्ये इथंच सुरू झाली, पुण्याला नंतर गेली. आमच्या मंगळवार पेठेतला जयप्रभा स्टुडिओ १९४८ च्या जाळपोळीत होरपळला, तो भालजी पेंढारकरांनी पुन्हा उभा केला. त्या माणसांना कुणी बाण दाखवला नव्हता.

आणि आज साधनं तरी किती स्वस्त आहेत! ट्वाईन हे साधन २००९ पासून फुकट मिळतं. त्यात प्रोग्रामिंग न येणाराही शब्दांचा साहसी खेळ रचू शकतो, थेट मराठीत. चित्रं हलवायची असतील तर गोडो आहे, तेही फुकट. कलानिकेतन, दळवीज ह्या इथल्या चित्रकलेच्या संस्थांत चित्रं काढणारी पोरं आहेत. इंजिनिअरिंगला प्रोग्रामिंग शिकणारी पोरं आहेत. दोघं एकाच टपरीवर चहा पितात. त्यांची एकमेकांशी गाठ घालून देणारं कुणीतरी पाहिजे.

म्हणून माझं मागणं थेट आहे. कॉलेजांनी शेवटच्या वर्षाला एक प्रोजेक्ट असा द्यावा: एक चित्रकार, एक प्रोग्रामर, एक लिहिणारा, आणि पायी फिरता येईल एवढीच जागा. एक गल्ली, एक वाडा, एक बुरूज. तालीम मंडळांनी फुटबॉलच्या स्पर्धेला बक्षीस लावतात तसं एक बक्षीस त्याला लावावं. पालकांनी 'गेम' हा शब्द ऐकला की रमी आणि पैसे लावायची ॲपं डोळ्यांपुढं आणू नयेत. पैसे लावायच्या ऑनलाइन खेळांवर २०२५ मध्ये कायद्यानं बंदी आली, ते बरंच झालं. पण वहीत चिन्हं उतरवत साडेअकरापर्यंत डोकं चालवणारं पोर जुगार खेळत नाही. त्याच्या शेजारी बसा. विचारा, काय सापडलं?

* * *

त्याच सुट्टीत आमच्या गल्लीत किल्ला झाला. विटा, गोणपाट, पोत्यानं आणलेली माती, वर पेरलेली मोहरी. तटावर मावळे, माथ्यावर सिंहासन. भाचीनं प्लंबरकडून पाइपचा हातभर तुकडा मागून आणला आणि माती ओली असतानाच आत पुरला. एक तोंड विहिरीत काढलं. दुसरं तोंड तटाबाहेर, चपट्या दगडाखाली, मोहरीच्या आड.

पाडव्याला शेजारचा सहा वर्षांचा पोरगा आला. तिनं विहिरीत एक काचेची गोटी सोडली. ती पाइपातून कुठंतरी बाहेर पडल्याचा आवाज आला, गोटी काही दिसेना. तो टॉर्च घेऊन पोटावर आडवा झाला. दरवाजा बघितला, बुरूज बघितले, कोपरं मातीनं भरली. घरातून जेवायला हाका येत होत्या, तो हलेना. शेवटी मान वर करून त्यानं विचारलं, "ताई, वाट कुठाय?"

भाची उंबऱ्यावर बसली होती. तिनं त्याच्याकडं बघितलं आणि म्हणाली, "मी सांगत नसतो. हुडक."