हळदीच्या अंगाचे भिंग

निसर्गाचा कारभार पाहा. जन्मतः स्वच्छ असलेले डोळ्यातले भिंग तो वयाबरोबर पिवळे करत नेतो आणि निळा प्रकाश गाळतो, तेही फुकट. पुढे मोतीबिंदू पिकतो, डॉक्टर ते भिंग काढतात आणि जग एकदम निळेशार दिसू लागते. १९२३ मध्ये शस्त्रक्रिया झालेल्या क्लोद मोने या चित्रकाराचीही हीच तक्रार होती. त्याला रंगीत काचांचा चष्मा लावावा लागला. आता चष्म्याची गरज नाही, डोळ्यात बसवायचे कृत्रिम भिंगच पिवळे मिळते. म्हणजे साठ वर्षांत जमलेला पिवळेपणा काढून टाकायचा आणि नवा विकत घ्यायचा! ‘पी हळद आणि हो गोरी’च्या चालीवर ‘घाल पिवळे आणि वाचव दृष्टिपटल’.

२०१८ मध्ये वैद्यकीय पुराव्यांचा आढावा घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने अशा भिंगांच्या ५१ चाचण्या तपासल्या. या पिवळेपणाने मॅक्युलाचे, म्हणजे दृष्टिपटलाच्या मध्यभागाचे, रक्षण होते, असा स्पष्ट पुरावा सापडला नाही. अतिनील किरण तर आजची साधी भिंगेही अडवतात. निळा प्रकाश गाळला की झोप बिघडते, असे म्हणणाऱ्यांची झोळीही रिकामीच.

तेव्हा शस्त्रक्रियेच्या पॅकेजवर सही करण्याआधी एवढे विचाराच: पिवळ्या रंगाचे पैसे वेगळे का?