छपराचे पूल, बिनछपराचे आम्ही

अमेरिकेत आयोवा राज्यातल्या मॅडिसन काउंटीत लोक लाकडी पूल बघायला जातात. पुलाला दोन्ही बाजूंनी भिंती, वर छप्पर. गोठ्यातून नदी ओलांडावी तसा थाट. 1992 साली या पुलांवर कादंबरी आली, 1995 साली सिनेमा आला आणि ज्यांना आपल्या गावचा पूल कुठल्या नदीवर आहे हे ठाऊक नव्हतं, तेही पुलाच्या प्रेमात पडले. नाशिककरांनी यात न्यूनगंड बाळगायचं कारण नाही. आमचा गोदावरीवरचा रामसेतू पूल उन्हाळ्यात विक्रेत्यांच्या पथाऱ्यांनी झाकलेला असतो आणि मोठा पूर आला की नदीच्या पाण्यानं. मुंबई-आग्रा महामार्गावरच्या उड्डाणपुलानं तर कमाल केली आहे. तिकडे पुलाला छप्पर घालतात, इकडे द्वारका चौकात पूल हेच छप्पर. सर आली की सगळे दुचाकीवाले त्याच्या आश्रयाला.

पण तिकडचं छप्पर माणसं भिजू नयेत म्हणून नसतं, हे कौतुकाच्या भरात विसरलं जातं. पुलाचा भार बाजूच्या लाकडी कैच्या पेलतात. त्या उघड्यावर भिजत राहिल्या तर दहा-वीस वर्षांत कुजतात. झाकल्या तर शंभरी सहज गाठतात. छपराच्या फळ्या सडल्या की बदलायच्या, महागाच्या कैच्यांना धक्का नाही. ज्यानं हे बांधलं त्याच्या डोक्यात प्रेमकथा नव्हती, दुरुस्तीचा खर्च होता. माझं म्हणणं एवढंच, की आपण सहलीला जाऊन छपराचे फोटो काढतो आणि हिशेब तिथेच ठेवून येतो.

यावर कोणी म्हणेल, आपले पूल दगडाचे आणि काँक्रीटचे, त्यांना छप्पर हवंय कशाला? बरोबर आहे. इंग्रजांच्या काळातला नाशिकचा व्हिक्टोरिया पूल आज अहिल्याबाई होळकरांच्या नावानं बोडक्या डोक्यानं उभाच आहे. पण महाडजवळचा सावित्री नदीवरचा पूलही इंग्रजांच्याच काळातला, दगडीच होता. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री तो दोन एसटी गाड्यांसकट वाहून गेला. दगडाला छप्पर लागत नसेल, पण खांबाच्या पायाशी पाणी काय कुरतडतंय हे वाकून बघणारं कोणीतरी लागतं. नाशकात पाण्यावर लक्ष ठेवायचं काम गोदावरीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे आहे. पाणी गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, डोक्यावरून गेलं, अशा बातम्या तो बिनपगारी, बिनरजेचा देत असतो. पुलाच्या पायाचं काय झालं, हे मात्र त्याला विचारून उपयोग नाही. ते खातं त्याच्याकडे नाही.

दुसरा आक्षेप अधिक बिनतोड आहे: आधी पूल तर होऊ द्या, निगा मग बघू. त्र्यंबकेश्वर तालुक्यातल्या शेंद्रीपाड्याच्या बायका तास नदीवर आडव्या टाकलेल्या लाकडी बल्ल्यांवरून पाण्याचे हंडे घेऊन जात. त्याचे फोटो सगळीकडे फिरले, सरकार हललं आणि जानेवारी 2022 मध्ये तिथे लोखंडी पूल आला. त्याच वर्षीच्या पावसाळ्यात तो वाहून गेला. म्हणजे पूल झाला, निगा बघायची वेळच आली नाही. आक्षेप घेणाऱ्यांचं म्हणणं या अर्थानं खरंच ठरलं. तेव्हा ग्रामीण भागात पुलांची सहल काढायची हौस असणाऱ्यांनी आयोवाचं तिकीट काढण्याआधी त्र्यंबक तालुका जरूर बघावा. फक्त निघण्यापूर्वी पूल जागेवर आहे ना, एवढं गावात फोन करून विचारून घ्यावं.