तापट पट्टी

नागपूरच्या मे महिन्यात लॅपटॉप तापला तर बिचाऱ्याला बोलण्यात अर्थ नाही. पण कूलरसमोर बसूनही डाव्या मनगटाखाली चटका बसतो, तेव्हा माणूस चौकशी करतोच. तापमान दाखवणारं सॉफ्टवेअर म्हणालं, एसएसडी, ६८ अंश. माहिती साठवणाऱ्या या पट्टीत तर हलणारं काहीच नाही, मग ही तापते कशाने?

२२ मिलिमीटर रुंद, ८० मिलिमीटर लांब एवढीशी ती पट्टी. तिच्यावर साठवणीच्या चिपा, आणि शेजारी कंट्रोलर. तापतो मुख्यतः हा कंट्रोलर. लग्नघरात कोठीच्या किल्ल्या ज्या मावशीच्या कमरेला असतात, तिची गत. पोती निवांत पडलेली, घामाघूम मावशी. काय कुठे ठेवलंय, रिकामी जागा कुठली, कुठे गफलत झाली, आणि सगळ्यांची झीज सारखी होतेय ना, हे सगळं तिनेच बघायचं. तेही चौथ्या पिढीच्या पट्टीत सेकंदाला सात हजार मेगाबाइटच्या धावपळीत!

पोत्यांचीही तऱ्हा आहे. लिहून घेताना त्यांना थोडी ऊब मानवते. पण वीज बंद करून गरम जागी महिनोन्‌महिने टाकलं, तर साठवलेला विद्युतभार भराभर गळू लागतो. म्हणजे कामात ऊब, सुट्टीत गारवा. कोणाला नको असतो?

पारा सत्तर-ऐंशीच्या घरात गेला की पट्टी आपणहून वेग उतरवते. ना कुरकुर, ना अर्ज. फाइल कॉपी होताना मधेच रेंगाळते ती अनेकदा यामुळे. (झटपट लिहायला राखलेली जागा भरली तरी तसंच होतं, पण उन्हाळ्यात आळ उन्हाळ्यावरच घ्यायचा.) डेस्कटॉपमधल्या पाचव्या पिढीच्या काही पट्ट्यांवर तर चिमुकला पंखा बसवतात. सडपातळ लॅपटॉपात तेवढी जागा कुठली? तिथे थर्मल पॅड लावून उष्णता मागच्या झाकणाला देतात, आणि झाकण आपल्या मांडीला.

जाणकार सांगतात, गादीवर ठेवू नका, हवेच्या जाळ्या बुजतात. आईने यावर स्वयंपाकघरातून पोळपाट आणून दिला. पोळपाट गोल, लॅपटॉप चौकोनी. चारही कोपरे अधांतरी, जाळ्या मोकळ्या. आकडा खरंच उतरला. फक्त पोळ्यांच्या वेळेला ऑफिसची मीटिंग घेता येत नाही.