निघतो म्हणणाऱ्यांचे शास्त्र

मराठीत 'निघतो' हे क्रियापद रूपाने वर्तमानकाळी आणि अर्थाने भविष्यकाळी असते. खारघरच्या एखाद्या सोसायटीत पाहुण्याने त्याचा उच्चार केल्यापासून लिफ्टचे दार त्याच्यामागे बंद होईपर्यंत हळदीकुंकू होते, विसरलेला डबा सापडतो आणि मुलांच्या लग्नाचा जो विषय दिवाणखान्यात टाळला होता, तो चपला घालताना निघतो. संगणकशास्त्राला हाच प्रश्न 'शटडाउन' या नावाने सोडवावा लागला.

चालू असलेल्या प्रोग्रॅमला प्रोसेस म्हणतात आणि पडद्यावर न दिसता मागे राबणाऱ्या प्रोग्रॅमला सर्व्हिस. सोसायटीच्या पाण्याच्या पंपाप्रमाणे तिची आठवण ती बंद पडल्यावरच होते. युनिक्स परंपरेतील प्रणाली संगणक बंद करताना या सर्वांना प्रथम 'सिगटर्म' नावाचा, 15 क्रमांकाचा संकेत पाठवते. त्याचा अर्थ 'आता निघावे' एवढाच असून तो मिळालेल्या प्रोसेसने हातातले लिखाण डिस्कवर उतरवावे, उघड्या फाइली मिटाव्यात आणि स्वतःहून उठावे, अशी अपेक्षा असते. तथापि तिला तो ऐकून न ऐकल्यासारखे करण्याचीही मुभा असते. मुदत संपल्यावर 9 क्रमांकाचा 'सिगकिल' येतो, आणि तो नाकारण्याची सोय नसते, कारण तो प्रोसेसच्या कानी पडतच नाही. प्रणालीचा गाभा, म्हणजे कर्नल, तिला परस्पर उचलतो.

ही मुदत किती असावी, याविषयी पंथभेद आहेत. लिनक्सच्या बहुतेक वितरणांत सेवा चालू-बंद करणारी 'सिस्टीमडी' मूळ मांडणीत प्रत्येक सेवेला 90 सेकंद देते, तर फेडोरा या वितरणाने 2023मध्ये ती 45वर आणली. विंडोज प्रतिसाद न देणाऱ्या प्रोग्रॅमची सुमारे 5 सेकंद वाट पाहते आणि मग कोणामुळे खोळंबा झाला, हे पडद्यावर नावानिशी जाहीर करते; थकबाकीदारांची यादी सूचनाफलकावर लावणाऱ्या सेक्रेटरींना ही पद्धत नवी वाटणार नाही.

खारघर स्थानकासमोर, पण पत्त्याने सीबीडी बेलापूरमध्ये, सी-डॅक या संस्थेचे कार्यालय आहे. याच संस्थेच्या, डेबियन या लिनक्स-वितरणावर आधारलेल्या प्रणालीचे नाव 'भारत ऑपरेटिंग सिस्टीम सोल्युशन्स', म्हणजे संक्षेपाने 'बॉस'. डेबियनने 2015च्या आवृत्तीपासून सिस्टीमडी स्वीकारली असल्याने, ज्याचे नावच बॉस आहे त्यानेही हाताखालच्यांना आधी विनंती करून मग वाट पाहावी, असा प्रसंग आला. खऱ्या कचेऱ्यांत याचा प्रसार व्हायचा आहे.

सेवा बंद करण्याचा क्रम सुरू करण्याच्या उलट असतो, म्हणजे दुसरीच्या आधारावर उभी असलेली सेवा आधी जाते आणि आधार देणारी नंतर. सेक्टरातल्या कोणत्याही गणेशमंडळाला हे शिकवावे लागत नाही. तेथे उत्तरपूजा होऊन मूर्ती किंचित हलवल्याशिवाय मखराला हात लागत नाही, आणि दिव्यांच्या माळा उतरण्याआधीच जनरेटर बंद करणाऱ्या कार्यकर्त्याला पुढल्या वर्षी वर्गणी गोळा करण्यास पाठवले जाते.

मात्र डिस्कच्या किंवा नेटवर्कच्या उत्तरासाठी गाभ्यात अडकलेली प्रोसेस 9 क्रमांकालाही दाद देत नाही, कारण ती लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसासारखी असते: जाण्यास तयार असली तरी दार उघडेपर्यंत जाऊ शकत नाही. याउलट 'झोंबी' प्रोसेस संपलेली असते, परंतु तिच्या जनक प्रोसेसने तिचा शेवटचा अहवाल उचलला नसल्यामुळे यादीत तिचे नाव राहते. दिवंगत सभासदाच्या नावावर राहिलेल्या शेअर सर्टिफिकेटचे कामकाज ज्यांनी पाहिले आहे, त्यांना अधिक स्पष्टीकरणाची गरज नाही.

एवढे होऊनही यंत्र बंद होत नसेल, तर पॉवरचे बटण 4 सेकंद दाबून धरण्याचा मार्ग उरतो. पावसाळ्यात खारघरच्या पांडवकडा धबधब्याच्या बाजूने ढग उतरले की वीज हाच निर्णय कोणालाही न विचारता घेते, आणि मग पुढच्या वेळी चालू होताना फाइलप्रणालीला 'जर्नल' नावाचा आपला रोजनामा उघडून, मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करावे त्याप्रमाणे, अर्धवट राहिलेल्या नोंदी एकतर पुऱ्या कराव्या लागतात किंवा खोडाव्या लागतात.