बिनविरोध निवडीबद्दल अभिनंदन!

प्रति,
श्री. गाजरगवत,
मु. पो. सगळीकडे.

स. न. वि. वि.

जबलपूरजवळ पनागरच्या बाजूला मुरघासासाठी राखलेल्या आमच्या कुरणात यंदाही आपली बिनविरोध निवड झाली, हार्दिक अभिनंदन! पत्र जबलपुरातल्या कमानिया गेटजवळून लिहितो आहे. काँग्रेसच्या १९३९ च्या त्रिपुरी अधिवेशनाची आठवण म्हणून ही कमान उभी राहिली. त्या अधिवेशनाचं अध्यक्षपद सुभाषबाबूंना पट्टाभी सीतारामय्यांविरुद्ध निवडणूक लढवून मिळवावं लागलं. आपल्याला तेवढाही त्रास नाही. गुरं आपल्याला तोंड लावत नाहीत, शेजारचं चांगलं गवत मात्र बुडापर्यंत ओरबाडतात. आपल्या विरोधकांची निंदणी आमचीच गुरं करून देतात, तीही फुकटात.

कारकीर्दही थोर. मूळ घर अमेरिका खंडात, १९५५ मध्ये पुण्यात नोंद, पुढे देशभर बस्तान. उगवल्यावर महिना-दीड महिन्यात फुलोरा, एकेका झाडाला हजारोंनी बी. आपल्या बंदोबस्ताला मेक्सिकोहून खास आणलेले भुंगे १९८४ साली सोडले. पावसाळ्यात ते आपल्या पानांची चाळण करतात, तरी आपण आहातच. जबलपुरात १९८९ पासून तणांवर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था आहे. शिवाय दरवर्षी १६ ते २२ ऑगस्ट हा आठवडा आपल्या नावाने पाळतात. भल्याभल्या पुढाऱ्यांची एका दिवसाच्या जयंतीवर बोळवण होते!

तक्रार एवढीच, की चरताना गाय आपल्याला वगळू शकते, कुट्टी मशीनला ती अक्कल नाही. दोन-तीन सेंटिमीटरचे तुकडे पडले, की त्यात मारवेल गवत कोणतं आणि आपण कोण, हे गाईलाच काय, मलाही कळत नाही. मग खड्ड्यात थरावर थर दाबायचे, हवा कोंडायची, वर प्लास्टिक आणि माती. दीड महिन्याने खड्डा उघडावा, तर आपण गवताबरोबर गुण्यागोविंदाने नांदताय. आणि आपण गुरांच्या पोटात गेलात की दूध कडवट होतं, हे जगजाहीर आहे.

तेव्हा ही नोटीस समजावी. फुलोऱ्याआधी, जमीन ओली असतानाच, हातमोजे घालून आपल्याला मुळासकट उपटण्यात येईल आणि कंपोस्टमध्ये सन्मानाने बसवण्यात येईल. कुरण बुडापर्यंत चारणं बंद. उघड्या जागी गवताचं बी टाकून आपली जागा भरली जाईल. फारच अंगावर आलात तर टू-फोर-डी तणनाशक आहे. ते रुंद पानांची तणं मारतं, गवताला सांभाळतं. मात्र लेबलवरचे दिवस भरल्याशिवाय कापणी नाही.

कळावे, लोभ नसावा.

आपला,
एक गायवाला

ता. क. हे पत्र वाचणाऱ्या मुरघासवाल्यांनो, तण निवडायचं ते उभ्या कुरणात, कापणीआधी. कुट्टी झाल्यावर निवडायला काही उरत नाही.