लायसनवाले आप्पा

आप्पा खुर्चीत कधीही सरळ बसत नाहीत. डावीकडे थोडं कलून, उजवी मांडी पुढे काढून, एक हात शेजारच्या खुर्चीच्या पाठीवर टाकून बसतात. नवख्या माणसाला वाटतं, मणक्याचा त्रास असावा. तसं काही नाही. उजव्या कमरेला चामड्याच्या कव्हरात बत्तीस बोरचं रिव्हॉल्व्हर आहे, आणि सरळ बसलं की त्याची मूठ बरगडीत घुसते. कलून बसलं की शर्टाचं टोक वर सरकतं आणि मूठ लोकांना दिसते. एका बसण्यात दोन कामं होतात.

न्हावऱ्यापासून चौफुल्यापर्यंत आणि शिक्रापूरपासून पाटसपर्यंत कुठल्याही मंगल कार्यालयात जा, एक आप्पा भेटणारच. नाव वेगळं, गाव वेगळं, स्कॉर्पिओ मात्र बहुतेक पांढरीच. कुणाची जमीन रांजणगावच्या एमआयडीसीत गेलेली, कुणाची कुरकुंभच्या. कुणाकडे कंपनीला मजूर पुरवायचं कंत्राट, कुणी साखर कारखान्याचा माजी संचालक. पैसा आला तसा आधी बंगला झाला, मग गाडी, मग गळ्यातली साखळी. पण साखळ्या आता पोराटोरांच्या गळ्यातही दिसतात आणि गाडी काय, हप्त्यावर कुणालाही मिळते. रिव्हॉल्व्हर हप्त्यावर मिळत नाही. त्याला कलेक्टर कचेरीतून परवाना लागतो, आणि तो मिळाला याचा अर्थ सरकारने तुम्हाला माणसात धरलं. गावात सगळे त्याला पिस्तूलच म्हणतात. पहिली दोन वर्षं आप्पा दुरुस्त करायचे, "पिस्तूल नाही, रिव्हॉल्व्हर." आता तेही पिस्तूलच म्हणतात.

लायसन कसं मिळालं हे आप्पांना विचारू नये. विचारलंच, तर घरून जेवून जावं.

अडचण कागदांची नव्हती. सातबारा, इन्कम टॅक्सचे कागद, डॉक्टरचा दाखला, सगळं एका प्लास्टिकच्या पिशवीत तयार होतं. अडचण झाली शत्रूची. जीविताला धोका आहे असं लिहायचं, तर तो कुणापासून हेही सांगावं लागतं. आणि आप्पांच्या जिवावर उठलेलं कुणी नव्हतंच. भावकीत भांडणं होती, पण ती चुलीपासून बांधापर्यंतची. ती अर्जात लिहिली तर अर्ज कलेक्टरांकडे जायच्या ऐवजी तंटामुक्ती समितीकडे गेला असता. माजी संचालकाला साजेल असा वजनदार वैरी तालुक्यात शोधूनही सापडेना. एक-दोन जणांना आप्पांनी आडून विचारून पाहिलं म्हणतात, पण त्यांनी उलट चहा पाजला. शेवटी अर्जात लिहिलं गेलं ते असं: वस्ती गावापासून लांब, चारी बाजूंनी ऊस, बिबट्याचा वावर, दरोड्याची भीती.

मग पोलीस चौकशी. हवालदार शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारणार, माणूस कसा आहे? आणि बांधाला बांध लागून जो शेजारी होता, त्याच्याशी आप्पांचा बांध कोरण्यावरून वीस वर्षांचा वाद. दोन वकील त्या वादावर पोसलेले. आप्पांनी एका संध्याकाळी जाऊन बांध जसा होता तसा करून दिला, वर ट्रॅक्टर लावून सपाटही करून दिला. शेजाऱ्याने हवालदाराला सांगितलं, "देवमाणूस." रिव्हॉल्व्हरने गावात शांतता आणली ती अशी, घरात यायच्या आधीच.

2016 च्या शस्त्र नियमांप्रमाणे हत्यार सुरक्षितपणे हाताळायचं शिक्षण घ्यावं लागतं. आप्पांनी तेही घेतलं. गोळ्या कशा भरायच्या, कशा काढायच्या, नळी कुणाकडे करायची नाही, हे सगळं त्यांनी मन लावून ऐकलं. झाडायची वेळ आली तेव्हा शिकवणाऱ्याने मागून हळूच सांगितलं, "आप्पा, डोळे उघडे ठेवून मारतात." त्या दिवशीच्या गोळ्या सोडल्या तर त्या रिव्हॉल्व्हरमधून आजवर काही सुटलेलं नाही. गोळ्यांची डबी तिजोरीत असते. आठवड्यातून एकदा ती उघडून आप्पा गोळ्या मोजतात, एकेक उलटी करून बुडावरची केएफ ही अक्षरं बघतात. केएफ म्हणजे आपली खडकीची फॅक्टरी, 1869 पासूनची. "पुण्याचा माल आहे," असं म्हणताना त्यांचा सूर बाकरवडीबद्दल बोलावं तसा असतो. नातवंडांच्या वाढदिवसांची आठवण त्यांना काकू करून देतात. गोळ्या किती, हे झोपेतून उठवून विचारा.

घरात खरा बंदूकवाला निराळाच आहे. काकूंचा धाकटा भाऊ दौंडला राज्य राखीव पोलीस दलात होता. दौंडला या दलाचे दोन गट आहेत, पाच आणि सात. त्या गावात सकाळी कवायतीचे आवाज ऐकूनच लोक दूध घ्यायला बाहेर पडतात. या मेहुण्याने बंदोबस्तात उभी हयात काढली. गडचिरोली पाहिली, दंगली पाहिल्या, खांद्याला रायफलच्या पट्ट्याचा घट्टा पडलेला. निवृत्त झाल्यावर त्याने पहिलं काम काय केलं, तर दोन म्हशी घेतल्या. आप्पा त्याच्यासमोर कव्हराचं बटण उघडून टेबलावर रिव्हॉल्व्हर ठेवतात तेव्हा तो ताटातली भाकरी मोडत म्हणतो, "दाजी, ते आत ठेवा अन् नीट मांडी घालून जेवा." आप्पांना मांडी घालता येत नाही, हे त्याला माहीत आहे. पंगत असेल तिथे आप्पा उपाशी राहतात. बुफेची पद्धत आपल्याकडे रुजली त्यात या लोकांचा वाटा आहे, असं माझं मत आहे.

वर्षात एक दिवस मात्र हत्यार कमरेवरून उतरून पाटावर बसतं. खंडेनवमीला. विळा, कोयता, पहार, ट्रॅक्टरचे पाने, काकूंची शिलाई मशीन आणि सगळ्यांच्या मधोमध रिव्हॉल्व्हर. हळदकुंकू, झेंडू, नारळ. एका वर्षी पूजा आटोपल्यावर आप्पांनी सवयीने चक्री फिरवली, तर ती अडकली. अक्षता आत गेलेल्या. ओसरीवर फडकं अंथरून आप्पा बसले, चष्मा कपाळावर, हातात आगकाडी. एकेक दाणा कोरून काढायचा आणि फडक्यावर मांडायचा. शेवटचा दाणा हळदीने चिकटला होता, तो काही केल्या निघेना. काकू डोक्यातली पिन काढून देत म्हणाल्या, "बरं झालं. कधी काही सुटलंच त्यातून, तर निदान तांदूळ तरी सुटतील."

निवडणुका आल्या की आप्पांचे हाल होतात. आचारसंहितेत परवान्याची हत्यारं पोलीस ठाण्यात जमा करून घेतात, पण सगळ्यांची नाही. कुणाची घ्यायची हे छाननी समिती ठरवते. ज्याच्यावर गुन्हे, ज्याचा दंगलीचा इतिहास, ज्याच्याकडून गडबड व्हायची शक्यता, त्याला नोटीस येते. 2024 च्या लोकसभेला शिरूरचं मतदान 13 मे रोजी होतं. दौंड बारामती मतदारसंघात, तिथलं 7 मे रोजी. दोन्ही तालुक्यांतल्या आप्पांच्या ओळखीच्या लायसनवाल्यांना नोटिसा आल्या. आप्पांना आली नाही. चार दिवस त्यांनी वाट पाहिली, मग ठाण्यात जाऊन चौकशी केली. ठाणे अंमलदाराने यादीवरून बोट फिरवलं आणि म्हणाला, "तुमचं नाव नाही आप्पा. तुमच्यापासून काही धोका नाही." हे वाक्य त्याने भरल्या ठाण्यात, दहा माणसांसमोर म्हटलं. आप्पा तिथून निघाले ते थेट घरी, आणि कव्हरासकट परत येऊन म्हणाले, "आम्ही कायद्याची माणसं आहोत. जमा करून घ्या."

पावती त्यांनी वरच्या खिशात ठेवली, अशी की घडीची कड बाहेर राहावी. प्रचाराच्या सभेत, बैलगाड्यांच्या घाटात, चहाच्या टपरीवर कुणी कमरेकडे बघितलं की पावती निघायची. "जमा करावं लागलं. सरकारचं काय सांगावं, आमच्यावर लक्ष असतं." त्या दोन-अडीच महिन्यांत एकच त्रास झाला. रिव्हॉल्व्हरच्या हिशेबाने पट्ट्याला पाडलेलं भोक सैल पडू लागलं आणि आप्पांना डाव्या हाताने विजार धरून उमेदवारांशी उजव्या हाताने हात मिळवावा लागला. निकाल लागले, हत्यार परत आलं, आणि ऑक्टोबरात विधानसभेची आचारसंहिता लागली.

आप्पांचा पुतण्या इंग्लंडमध्ये लीड्सला नोकरीला आहे. त्याला तिकडे बंदुकीचा नाद लागला, हे कळल्यावर आप्पांची छाती फुगली. खानदानी शौक! त्यांनी व्हिडिओ कॉल लावला. पुतण्या चिखलातल्या माळावर उभा, कानांवर हेडफोनसारखं काहीतरी, हातात दुनळी. यंत्रातून मातीची तबकडी हवेत सुटते आणि हा ती फोडतो. एका सकाळी शंभर तबकड्या.

"शंभर गोळ्या?" आप्पांना घाम फुटला. "अन् मग उरल्या किती?"

पुतण्याने सांगितलं, काडतुसं दुकानात पेटीने मिळतात. सर्टिफिकेट पाच वर्षांचं असतं. हे आप्पांना पटलं. आपल्याकडेही 2019 च्या दुरुस्तीने तीन वर्षांची पाच झाली, आणि माणशी तीन हत्यारांची दोन. पण पुढचं ऐकून ते गप्प झाले. घरी बंदूक पोलादी कपाटात कुलपात ठेवावी लागते, ते कपाट भिंतीत खिळवलेलं लागतं, पोलीस येऊन बघून जातात. माळावर काढायची, खेळायचं, पुसून परत कपाटात. शेजाऱ्याला पत्ताही नसतो.

"अन् पिस्तूल?"

"पिस्तूल नाही, काका. 1996 ला स्कॉटलंडमध्ये डनब्लेनच्या शाळेत एकाने सोळा लेकरं मारली, त्यांच्या बाईंना मारलं. त्याच्याकडची हत्यारं परवान्याचीच होती. पुढच्या वर्षी सरकारने पिस्तुलं-रिव्हॉल्व्हरं बंद केली. लोकांनी नेऊन दिली."

आप्पा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मग कमरेला काय लावतात?"

"काहीच नाही."

"अन् मग लोकांना कळतं कसं?"

पुतण्याला प्रश्न समजला नाही. रेंज गेली असं समजून त्याने फोन ठेवला.

अर्जातल्या बिबट्याचं काय झालं, हेही सांगायला हवं. तो खराच होता. शिरूरच्या ऊसपट्ट्यात बिबट्या ही अर्ज भरायला सुचलेली कल्पना नाही. 2025 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पिंपरखेड परिसरात तीन आठवड्यांत बिबट्याच्या हल्ल्यात तीन जीव गेले, त्यात दोन मुलं होती. लोक रस्त्यावर उतरले, तेव्हा वनखात्याने नेमबाज आणून बिबट्याला गोळी घातली. तेही वरच्या हुकमाने; कारण 1972 च्या वन्यजीव कायद्यात बिबट्या पहिल्या अनुसूचीत आहे, आणि जिवावर बेतलं नसताना त्याच्यावर गोळी झाडली तर आप्पांना घर सोडून दुसरीकडे राहायला जावं लागेल. हे आप्पांना पाठ आहे. त्या दिवसांत शेतीची लाईट रात्रीची होती. बारा वाजता थ्री फेज आली की उसाला पाणी द्यायला कोण जायचं? गडी जायचा. एका हातात बॅटरी, एका हातात काठी, खिशातल्या मोबाईलवर मोठ्या आवाजात भजन. मागून आप्पा यायचे, स्कॉर्पिओत, काचा वर, रिव्हॉल्व्हर मांडीवर, हेडलाइट उसावर. "मी आहे मागं, जा तू," असं ते काच दोन बोटं खाली करून सांगायचे. गडी पाणी धरून परत येईपर्यंत आप्पांना झोप लागलेली असायची. गड्याने लायसनला अर्ज करायचा ठरवला, तर त्याला धोका सिद्ध करायला आप्पांइतकी शोधाशोध करावी लागणार नाही. बाकी कागद मात्र त्याच्याकडे एकही नाही.

वरातीत बार काढायचा आग्रह आप्पांना अजून होतो. पोरं नाचता नाचता ओरडतात, "आप्पा, होऊन जाऊ दे!" आप्पा कव्हरावर हात ठेवतात, तेवढ्यावरच डीजेवाला आवाज वाढवतो, आणि मग ते गंभीरपणे सांगतात की आनंदात गोळीबार केला तर 2019 पासून दोन वर्षांपर्यंत कैद, नाहीतर लाखापर्यंत दंड, नाहीतर दोन्ही. हे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर जी सुटका दिसते, ती मी जवळून पाहिली आहे.

गेल्या उन्हाळ्यात मोठी नात सुट्टीला आली. ती पुण्यात आत्याकडे शिकते आणि बालेवाडीच्या रेंजवर एअर रायफल मारायला जाते. पॅरिसला 2024 मध्ये कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने रायफलमध्ये कांस्यपदक आणलं, तेव्हापासून तिच्या डोक्यात हेच. तिने आप्पांना कागदी लक्ष्य दाखवलं. दहा मीटरवरून मारायचं, आणि दहा गुणांचा ठिपका अर्धा मिलिमीटरचा. आप्पांनी चष्मा लावला, काढला, पुसून परत लावला.

"हा ठिपका? मला वाटलं माशी बसून गेली."

तिला स्वतःची रायफल हवी होती, किंमत आप्पांच्या रिव्हॉल्व्हरच्या पुढे जाणारी. आप्पा हरखले. घराण्यात दुसरं हत्यार! त्यांनी लगेच जुनी प्लास्टिकची पिशवी काढली, सातबारा चाळायला लागले, कलेक्टर कचेरीत कुणाची ओळख काढायची ते ठरवायला लागले. नात म्हणाली, "आप्पा, एअर रायफलला लायसन लागत नाही. बिल घेतलं की झालं."

आप्पांचा हात पिशवीतच थांबला.

"लागतच नाही?"

"नाही."

"असं कसं? कुणीपण जाऊन घ्यायची?" त्यांनी सातबारा परत घडी केला, पण पिशवीत काही टाकला नाही. थोडा विचार करून म्हणाले, "लागत नसलं म्हणून काय झालं? आपण अर्ज तर करून ठेवू."